कानातला रातकिडा झोपू देत नाही. तुम्ही मन कसं रमवता?

सातपूरकर:
एमआयडीसीत २३ वर्षं पॉवर प्रेसवर काढली. कानात बोळे घातले की डायचा (साच्याचा) बिघडलेला आवाज कळायचा नाही, म्हणून घातले नाहीत. आता दोन्ही कानांत सूंऽऽ चालू. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतं ना, तसं. फक्त शिट्टी कधी होत नाही. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीत, ४००० हर्ट्झला (बारीक, उंच आवाजाला) रेघ खड्ड्यात गेलीय. डॉक्टर म्हणाले, आतल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी गेल्या त्या गेल्या, सवय करा. सवय करा म्हणजे नेमकं काय करा, ते राहिलंच.

दिवस निघून जातो. रात्री धडकी भरते. परवा दोन वाजता उठून फ्रिज बंद केला, म्हटलं तोच गुणगुणत असेल. तो नव्हता. घरचे म्हणतात लक्ष देऊ नका. अहो, तसं म्हटलं की तेवढंच ऐकू येतं!

पंचवटीची मावशी:
दादा, माझं हे नववं वर्ष. पहिलं रडण्यात गेलं. खोली चिडीचूप ठेवू नका. मी थंडीतही टेबलफॅन लावते, तोंड भिंतीकडे. आतला आवाज पूर्ण बुडवायचा नाही हं, थोडा ऐकू यायला हवा, नाहीतर सवय कशी लागणार? आणि तेल-बिल काही घालू नका कानात.

श्रवणवाला:
मावशींचं बरोबर आहे. कानातल्या अशा आवाजावर (टिनिटसवर) संशोधन करणारे यास्त्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलं ते हेच: त्रास आवाजापेक्षा मेंदू त्याला धोका समजतो त्याचा जास्त. समुपदेशनात सीबीटीचा (विचार आणि वागण्याची सवय बदलायच्या पद्धतीचा) चांगला उपयोग होतो, आवाज तोच राहतो पण धसका कमी होतो. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने बाहेरचे आवाज वाढतात आणि आतला मागे पडतो. एकाच कानात असेल किंवा नाडीसारखं ठोके देत असेल, तर मात्र तपासून घ्याच. अचानक ऐकू यायचं बंद झालं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सातपूरकर:
दोन्हीकडे सारखंच आहे, ठोके नाहीत. ‘धसका’ शब्द बरोबर सापडला तुम्हाला. मला वाटायचं, हे वाढत जाऊन वेड लागणार.

पंखा भिंतीकडे वळवला. बायको गोधडी ओढून कुरकुरतेय. काल काकडआरतीच्या भोंग्याने जाग आली, म्हणजे मध्ये डोळा लागला होता.