अकादमी: विगन आणि सेंट हेलन्स

इंग्लंडमधल्या रग्बी लीगच्या या दोन क्लबांबद्दल वर एकानं लिहिलंय की पोरं घडवावीत ती विगननंच, सेंट हेलन्स तयार खेळाडू आणून जिंकतं. मी विगनचा पाठीराखा, तरी हे मला अजिबात पटत नाही.

जेम्स रॉबीचंच बघा ना. ब्लॅकब्रूक या स्थानिक क्लबातून सेंट हेलन्सकडे आलेला पोरगा. हूकरच्या (टॅकलनंतर चेंडू उचलून चाल सुरू करणाऱ्याच्या) जागेवर कीरन कनिंगहॅम ठाण मांडून बसलेला, तोही घरचाच. पण सेंट हेलन्सनं रॉबीला ना सोडलं, ना कुजवलं. समोरचे बचावपटू दमायला लागले की त्याला मैदानात उतरवायचे आणि तो त्यांच्यातून सुसाट निघायचा. बहुतेक सामन्यांत असा राखीव म्हणून उतरूनही २००७ चा 'मॅन ऑफ स्टील', म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, तोच ठरला! २०१० ला कनिंगहॅम निवृत्त झाला तेव्हा वारस तयार होता. २०२३ ला थांबेपर्यंत रॉबी याच क्लबाकडून ५५१ सामने खेळला.

२०२० ची ग्रँड फायनल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, आपण त्यांच्याकडूनच हरलो, ती तर अजून सलते. ४-४ बरोबरी, शेवटचा भोंगा, त्यांच्या मेकिन्सनची किक गोलच्या खांबाला लागून परतली आणि १९ वर्षांच्या जॅक वेल्सबीनं झेपावून ट्राय केला (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला). पोरगा विगन गावचा, घडवला त्यांनी!

आपले लियम फॅरेल, हॅरी स्मिथ, ज्युनियर एन्सेम्बाही घरचेच, आणि २०२४ चे चारही करंडक त्यांच्या जिवावर आले. पण नवख्या पोराला एका वाईट सामन्यानंतर बसवा म्हणणारे आपल्यातच जास्त आहेत. निदान सलग सात-आठ सामने तरी द्या त्याला.