मदत हवी आहे: सॅलिसिलिक आम्ल फवारूनही करपा का थांबत नाही?

रानवारा: टोमॅटोवर करपा आलाय. सॅलिसिलिक आम्लाने झाडाची प्रतिकारशक्ती जागी होते असं सगळीकडे वाचलं, म्हणून फवारलं. तर डाग उलट वाढतायत! लवकर सांगा, खालची पानं गळायला लागलीत.

पानोपानी: कुठला करपा? डागात गोल वलयं आहेत का? फवारणी डाग दिसायच्या आधी की नंतर? प्रमाण किती?

कुंडीप्रेमी: ॲस्पिरिन वापरा, ते सॅलिसिलिक आम्लाचंच एक रूप. १९७९ मध्येच दिसलं होतं की तंबाखूच्या पानांना ते टोचलं की मोझॅक विषाणूला प्रतिकार वाढतो. माझ्या गुलाबावरची भुरीही त्यानेच आटोक्यात आली.

पानोपानी: भुरीचं गणित वेगळं आहे हो. ती बुरशी जिवंत पेशींवर जगते. सॅलिसिलिक आम्लाचा संकेत मिळाला की झाड बाधित पेशी स्वतःच मारतं आणि बुरशीची उपासमार होते. वलयांच्या करप्याची बुरशी, अल्टर्नेरिया, पेशी मारूनच खाते, म्हणजे तिला आयतं ताट. तिच्याशी लढायला जास्मोनिक आम्ल आणि इथिलीन हे झाडाचेच दुसरे संकेत लागतात, आणि सॅलिसिलिक वाढलं की बहुतेकदा जास्मोनिकचा मार्ग दबतो.

मूळाक्षर: इतकं सरळ नाही. मातीविना वाढवलेल्या टोमॅटोला मुळांतून सॅलिसिलिक आम्ल दिलं तेव्हा अल्टर्नेरियाला प्रतिकार वाढलेला आहे. उलटे निष्कर्षही आहेत, मान्य. मात्रा किती, कधी आणि कुठून दिली यावर बरंच ठरतं. दोन कप्पे पाडून मोकळं होऊ नका.

शेवंती: मी तर ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशीच सांगेन, रोपं लावतानाच मुळांशी द्यायची. बाकी रसायनांच्या नादी लागू नका.

कुंडीप्रेमी: अवांतर: इथिलीन निघालंच आहे तर, कच्चे टोमॅटो पिकल्या केळ्यांजवळ ठेवले की लवकर पिकतात ते त्यामुळेच.

रानवारा: वलयं आहेत. डाग दिसल्यावर फवारलं, प्रमाण अंदाजाने. मग आता जास्मोनिक आम्ल आणू का?

पानोपानी: नको. हे संकेत झाडाला आधी सावध करतात. पसरलेला रोग त्याने मागे फिरत नाही. डागाळलेली पानं काढून नष्ट करा, पाणी फक्त बुडाशी घाला, पानं ओली राहू देऊ नका. आणि एक शंका: सॅलिसिलिक आम्ल जास्त झालं तरी पानं भाजतात. नव्या डागांत वलयं आहेत की नुसत्या कडा जळल्यात? जवळून फोटो टाका.