जुनी आलिशान सेडान घेताना काय पाहिलंत, काय पाहायचं राहिलं?

पन्नाशी जवळ आली की कुणाला वारीची ओढ लागते, मला लांब बॉनेटच्या जर्मन सेडानची लागली आहे. २०१६ची डिझेल, मीटरवर ६८ हजार, मागतायत १७ लाख. एवढ्यात नवी कोरी एसयूव्ही येते, हे घरी रोज ऐकवलं जातं. ज्यांनी अशी गाडी घेतली किंवा घेऊन पस्तावले, त्यांनी लिहा. सल्ले नकोत, ते मेव्हण्याकडे भरपूर आहेत. जे झालं ते सांगा.

ठाणेकर

मी पाहायला गेलो तेव्हा गाडी चालूच होती. "एसी लावून ठेवलाय साहेब, उकडतंय ना." मला वाटलं, काय अगत्य! घरी आणली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारल्याबरोबर डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज. टायमिंग चेन, म्हणजे इंजिनच्या झडपांची वेळ जुळवणारी साखळी. या इंजिनात ती पुढे नाही, मागे गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे बदलायची तर इंजिनच खाली उतरवायचं. चेन परवडली, मजुरीने घाम फोडला. इंजिन तापलं की आवाज बराचसा दबायचा, तेव्हा त्या एसीचा अर्थ लागला. आता कुणाबरोबर गाडी पाहायला गेलो की नमस्काराच्या आधी बॉनेटवर हात ठेवतो. कोमट लागलं तर चहा पिऊन परत.

कृष्णाकाठ

सांगलीत माझं गॅरेज आहे. ऑगस्ट २०१९च्या पुरात गाड्या टपापर्यंत बुडालेल्या आम्ही डोळ्यांनी पाहिल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून अशा चकचकीत झाल्या की मालकालाही ओळखू येऊ नयेत. लोक कार्पेट बदलतात, सीट धुतात, पण सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून कुणी धूत नाही. मी तो पूर्ण बाहेर काढतो. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ असली तर पुढचं काही पाहतच नाही. मग सीटखालचे रूळ आणि बोल्ट, स्टेपनीचा खड्डा. आणि आत अत्तराच्या दोन-तीन बाटल्या लटकत असतील, तर आधी खिडक्या लावून दहा मिनिटं बसा. या गाड्यांचे कंट्रोल युनिट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक डबे, बऱ्याचदा सीटखाली, कार्पेटखाली असतात. पाणी गेलेली गाडी लगेच बंद पडत नाही, सहा महिन्यांनी डॅशबोर्डवर बिघाडाचा एकेक दिवा लावायला लागते.

रत्नागिरीहून

वरच्याला जोड. पूर नसला तरी हेच होतं. सनरूफच्या पाणी काढायच्या नळ्या पाचोळ्याने तुंबल्या की कोकणातला एक पावसाळा पुरतो. माझ्या गाडीत पाय ठेवला की कार्पेट पचपच करायचं आणि मी बरेच दिवस मुलांच्या बाटल्यांवर संशय घेत होतो.

नाशिकची गाडी, दिल्लीचं पासिंग

१० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना तेव्हा दिल्लीत बंदी होती, हरित लवादाचा २०१५चा आदेश. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. म्हणून नऊ वर्षांची डिझेल तिथे स्वस्तात मिळायची आणि एजंट सांगायचा, "फक्त नंबर बदलायचा." मी २०२१ मध्ये आणली. आधी तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८. मग इथे गाडीच्या वयाप्रमाणे रोड टॅक्स नव्याने. त्यात आरसीवर जुन्या मालकाच्या बँकेचं नाव तसंच. कर्ज फिटलं होतं, पण बँकेचं नाव काढायच्या फॉर्म ३५वर बँकेचा सही-शिक्का घ्यायला त्याला वेळ नव्हता. गाडी पाच महिने सोसायटीत उभी. शेजारी विचारायचे, "शोभेची घेतली का?"

बाणेरची

मीटर ४२ हजार, पण स्टिअरिंग गुळगुळीत आणि ब्रेक पेडलचं रबर झिजून गेलेलं. माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने स्कॅनर लावला. गिअरबॉक्सच्या युनिटमध्ये १ लाख १८ हजार! मीटर मागे घेणाऱ्याने एकाच जागी फिरवलं होतं. विक्रेता म्हणाला, "मॅडम, मशीन चुकतं कधीकधी." शेवटी एका निवृत्त गृहस्थांची कॅमरी हायब्रिड घेतली, सगळ्या सर्व्हिसची बिलं फाइलला लावलेली. जर्मन नाही, मिरवता येत नाही, पण मी सुखात आहे.

एका ओळीत

टायरवरचे चार आकडे वाचा. २३१६ म्हणजे २०१६चा तेविसावा आठवडा. रन-फ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे, असतील तर चारही बदलायचा भाव आधी विचारा, आणि स्टेपनी आहे का तेही.

कोल्हापूरकर

एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर उभी राहणारी, असेल तर रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बघा. माझी म्हैस बसावी तशी मागच्या एका कोपऱ्यात बसायची. चालू केली की उठायची, म्हणून दुपारी कुणाला कळलं नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. आत्ताच मालकाला फोन केला. म्हटलं, रविवारी सकाळी सातला येतो, तोवर गाडी बंदच राहू द्या. पलीकडून प्रेमळ आवाज आला, "कशाला साहेब? धुऊन, चालू करून, गरम ठेवतो की."