आयसोट्रेटिनॉइन घेताना काय काय सांभाळलंत?

रानजाई: भाचीला काल मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन लिहून दिलं. ती लिबलिबीत कॅप्सूल बघितली आणि माझं एम.ए.चं वर्ष आठवलं. ओठ इतके फुटलेले की पाणीपुरीसाठी आ करायची सोय नव्हती. डॉक्टरबाईंनी आईला बाहेर बसवून सरळ विचारलं होतं, "दिवस राहायची शक्यता?" मी लाजून लाल! पण बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, म्हणून आधी टेस्ट, आणि सुरू करायच्या महिनाभर आधीपासून बंद केल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत. तुम्ही लिहा, भाचीला वाचायला देणारे.

वेलदोडा: जेवणासोबतच घ्यायची, स्निग्ध पोटात असलं की नीट शोषली जाते. हे ऐकल्यापासून आमच्या आजीची तुपाची धार थांबेना. लेकाचे मुरूम गेले, पोट आलं 😄

कुळीथ: आणि लिपिड, म्हणजे रक्तातली चरबी?? आमच्या चिरंजीवांचे ट्रायग्लिसराइड वाढले, डोस कमी करावा लागला. आधी आणि मधेमधे रक्त तपासा, लिव्हरचंही.

वेलदोडा: नॉर्मल आले. आजी रिपोर्ट घेऊन बिल्डिंगभर फिरली.

अधमुरं दही: वॅक्सिंग!!! वरच्या ओठावरची पट्टी ओढली, सालच निघालं. बंद केल्यावरही सहा महिने नाही करायचं. लग्न आठवड्यावर होतं माझं.

रानजाई: बापरे, मग?

अधमुरं दही: मग काय, सगळे फोटो लांबून. सासूबाई अजून विचारतात.

मी पामर: रक्तदान शिबिरातून परत पाठवलं. गरोदर बाईला ते रक्त चढलं तर? बंद केल्यावरही महिनाभर थांबायचं.

झुळूक: घाईत लिहितेय, कुकर लावलाय. सोबत डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक नको, कवटीतला दाब वाढू शकतो. दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तरी चालू गोळ्या सांगा. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्याही नकोत, हे त्याच कुळातलं. मन फार उदास झालं तर "वयच तसं" म्हणून सोडू नका, लगेच कळवा.

कुळीथ: +१. उरलेल्या गोळ्या मैत्रिणीला तर अजिबात देऊ नका.

रानजाई: भाची विचारतेय, लेन्स चालतील?

अधमुरं दही: डोळे कोरडे पडतात, टोचतात. मी चष्म्यावरच होते. काय शिकते ती?

रानजाई: बी.कॉम. शेवटचं. निकाल कधी लागतोय देव जाणे.

मी पामर: आमच्याकडेही तेच! विद्यापीठाची साइट उघडतेय का कुणाची?