"एकास दहा" म्हणजे एकूण दहा की अकरा?

पळसफूल:
यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी डी. फार्म.ला शिकवते. मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली, म्हणून औषधांच्या आकडेमोडीची टिपणं मराठीत करते आहे. ग्रॅमचे मिलिग्रॅम, टक्के, सलाईनचे मिनिटाला थेंब, हे सगळं मराठीत नीट बसलं. अडलं ते १:१० पाशी. टिपणात "एकास दहा द्रावण" असं होतं. प्रात्यक्षिकाला अर्ध्या वर्गाने १ मिली औषधात १० मिली पाणी घातलं, बाकीच्यांनी ९. विचारलं तर एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माझे बाबा मिस्त्री हायेत. एकास सहाचा माल म्हन्जे सिमेंटचं एक घमेलं न रेतीचे सहा. सात होतेत ना?" त्याचं बरोबरच आहे. पण आमच्या विषयात १:१००० ॲड्रेनॅलिन म्हणजे तयार १००० मिलीत १ ग्रॅम, म्हणजे मिलीला १ मिग्रॅ. या दोन मोजण्या वेगळ्या दाखवणारे मराठी शब्द आहेत का?

व्याकरणप्रेमी:
शब्द शोधायची गरज नाही, विभक्ती पुरते. "एकास दहा" ही चतुर्थी: एकाला दहा जोडले, एकूण अकरा. "दहात एक" ही सप्तमी: तो एक दहाच्या पोटात आहे, पाणी नऊच. मिस्त्री मराठी अचूक बोलतो आहे. टिपणात "दहात एक द्रावण" लिहा. आणि एकदा हात घातलाच आहे तर "डायल्यूशन"ला विरलन, "कॉन्सन्ट्रेशन"ला संहती, "डोस"ला मात्रा हेही पक्कं करून टाका.

जुनी_बाटली:
वर्धेकडे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो, आता निवृत्त. "दहात एक"ला माझा पाठिंबा. टक्क्यांसाठी आणखी एक सुचवतो. खेड्यात "दोन रुपये शेकडा" व्याज लहान पोरालाही कळतं. ०.९ टक्के सलाईन म्हणजे शेकडा ०.९, शंभर मिलीत ०.९ ग्रॅम, लिटरला ९ ग्रॅम मीठ. असं सांगितलं की पुन्हा समजवावं लागत नाही.

वऱ्हाडीमाणूस:
शेकडा व्याज महिन्याचं असते भाऊ, ते पोराच्या डोक्यात बसलेलं राहते.
न "विरलन" काऊन पाहिजे? साखर पाण्यात विरते म्हन्तो आपन, म्हन्जे विरघळते. मंग "विरल करा" म्हटलं का पोरगा विरघळवत बसन. आमच्या घरी वरण पातळ करतेत. "पातळ करा" लिहा.

व्याकरणप्रेमी:
विरल आम्ल आणि संहत आम्ल हे शब्द शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहेत, मुलांनी ते शिकलेले आहेत. "पातळ"मध्ये दाटपणा येतो. ग्लिसरीन घट्ट आहे म्हणून ते "संहत" होत नाही. घरचा शब्द घरी शोभतो, शास्त्राला बांधीव शब्द हवा.

पळसफूल:
दाटपणाचा मुद्दा मोलाचा आहे, धन्यवाद. "मात्रा"बद्दल मात्र अनुभव वेगळा आहे. मुलांच्या घरी मात्रा म्हणजे बाळाला सहाणेवर उगाळून देतात ती. "बाळाची मात्रा काढा" या प्रश्नात एकीने औषधाचंच नाव लिहिलं. मला वजनावरून हिशेब हवा होता: १० किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिग्रॅ पॅरासिटामॉल, म्हणजे १५० मिग्रॅ. ५ मिलीत १२५ मिग्रॅचं सिरप असेल तर ६ मिली, २५०चं असेल तर ३ मिली. आता मी "डोस"च लिहिते.

जुनी_बाटली:
डोस मराठीच झाला आहे. "उपदेशाचे डोस पाजणं" याला परका म्हणणार का?

व्याकरणप्रेमी:
वाक्प्रचार झाला म्हणून शास्त्रीय संज्ञा झाली असं नाही. "मात्रा लागू पडली" हाही आपलाच वाक्प्रचार, आणि त्याहून जुना.

तुरीचं_शेत:
माझ्या मते सगळ्यात घातक शब्द "झाकण" आहे. आमच्याकडे "औषध" म्हणजे फवारणीचंही, आणि ते पंपाला झाकणभर घालतात. प्रत्येक बाटलीचं झाकण वेगळं! लेबलवर लिटरला २ मिली असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली, एवढा हिशेब गावात कोणीतरी करून द्यायला हवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली. त्याला कारणं अनेक होती, झाकण एकटं नव्हे, पण ताईंची मुलं उद्या गावातच मेडिकल टाकणार आहेत. त्यांच्या टिपणात हे उदाहरण असावंच. चमच्याचंही तसंच, घरचा चमचा ५ मिलीचा असेलच असं नाही.

जुनी_बाटली:
मापांची नावं तशीच राहतात आणि मापं बदलतात. सोनाराचा आजचा तोळा १० ग्रॅम, जुना ११.६६, आणि आयुर्वेदाच्या सरकारी सूत्रसंग्रहात तोळा १२ ग्रॅम धरलाय: ८ गुंजांचा मासा १ ग्रॅम, १२ माशांचा तोळा. गुंज म्हणजे १२५ मिग्रॅ. दशमान वजनं १९५८च्या ऑक्टोबरपासून आली, तरी ग्रेन अजून गोळीत लपून बसलाय. पॅरासिटामॉलची ६५० मिग्रॅची गोळी ६५०चीच का? एक ग्रेन सुमारे ६५ मिग्रॅ, आणि ती दहा ग्रेनची. ॲस्पिरिन ३२५ म्हणजे पाच ग्रेन.

व्याकरणप्रेमी:
ग्रेन म्हणजे दाणा, गुंज म्हणजे बी, मासा म्हणजे माष, उडीद. औषधी "ड्रॅम" आणि आपला "दाम" हे दोन्ही ग्रीक द्राख्मेपर्यंत जातात, दाम मधल्या "द्रम्म"वरून.

वऱ्हाडीमाणूस:
म्हन्जे दामही बाहेरचाच न? मंग डोसनं काय बिघडवलं?

काउंटरवरून:
मूळ प्रश्नावर: गुणोत्तरच काढून टाका. अमेरिकेत २०१६पासून ॲड्रेनॅलिनसारख्या एकाच औषधाच्या इंजेक्शनच्या लेबलवर १:१००० लिहीत नाहीत, मिलीला १ मिग्रॅ लिहितात. १:१००० आणि १:१०,००० यांत एका शून्याचा फरक, घाईत तो दिसत नाही.

पळसफूल:
पटतंय. पण परीक्षेत गुणोत्तर येतं, आणि जुन्या पुस्तकांत तेच आहे. मुलांना वाचता तरी यायला हवं. "दहात एक" घालून पाहते, कंसात "एकूण १० मिली होईपर्यंत पाणी".

व्याकरणप्रेमी:
कंस लागला तर संज्ञा अपुरी ठरली.

काउंटरवरून:
कंस लागू द्या. बाळाच्या बाटलीवरचा आकडा चुकण्यापेक्षा तो परवडला.

तुरीचं_शेत:
मापांवरून आठवलं. पायली हे मापाचं नाव, वजनाचं नाही. धानाची पायली आणि तांदळाची पायली वजनाला सारखी भरत नाही, तरी व्यवहारात दोन्ही पायलीच. ताई, मिलीचे ग्रॅम शिकवताना हे सांगता येईल, १०० मिली ग्लिसरीन साधारण १२६ ग्रॅम भरतं. आणि इथे झाडीपट्टीतले कोणी असतील तर सांगा, तुमच्याकडे कुडो किती पायल्यांचा धरतात? आमच्या घरी यावर दोन मतं आहेत.