प्रशासकराज : लोकशाहीची घसरण की नुसती कोर्टबाजी?

सोडतवाला (धागाकर्ता)
मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. पुणे, नाशिक, नागपूर याच रांगेत होते. नवी मुंबई, औरंगाबाद, कोल्हापूर तर २०२० पासूनच प्रशासकाच्या, म्हणजे नगरसेवकांऐवजी कारभार पाहणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या, ताब्यात. घटनेचं कलम २४३-यू सांगतं की पालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि नवी निवडणूक ती संपायच्या आत. ‘निवडणूक रद्द’ असं या काळात कोणीही म्हणालं नाही, फक्त तारीख लागत नव्हती. एकाधिकाराकडे घसरण होते ती अशीच, आणि ती एकाच पक्षाच्या माथी मारून चालणार नाही.

क्रम बघा. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओबीसी आरक्षणासाठी तिहेरी चाचणी सांगितली : स्वतंत्र आयोग, प्रत्येक संस्थेनुसार आकडेवारी, एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत. आघाडी सरकारने आधी मुंबईच्या जागा २२७ वरून २३६ केल्या. मार्च २०२२ मध्ये प्रभाग रचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेणारा कायदा विधिमंडळात एकमताने झाला. एकमताने! ४ मे ला न्यायालय म्हणालं, थांबू नका, दोन आठवड्यांत कार्यक्रम काढा. २० जुलैला ओबीसी आकडेवारीसाठीच्या बांठिया आयोगाचा अहवाल मान्य झाला, वाट मोकळी झाली. तोवर सरकार बदललं, ऑगस्टमध्ये अध्यादेशाने पुन्हा २२७. त्याला आव्हान, २२ ऑगस्टला ‘जैसे थे’, आणि पुढे तारीख पे तारीख.

आडमुठा
ऱ्हास वगैरे शब्द जरा जपून वापरा. आणीबाणीत लोक तुरुंगात होते, वर्तमानपत्रं सेन्सॉर होत होती, १९७६ मध्ये लोकसभेची मुदत वाढवली गेली. इथे कोणाला आत टाकलं? ओबीसींच्या जागा वगळून निवडणूक उरकली असती तर हेच लोक ‘सामाजिक न्याय पायदळी’ म्हणून ओरडले असते. वाद कोर्टात होता, ६ मे २०२५ ला कोर्टानेच तो सोडवला. संस्था काम करतात याचाच हा पुरावा.

सोडतवाला
आणीबाणीत मुदत वाढवायलासुद्धा संसदेत कायदा करावा लागला, हात वर करणाऱ्यांची नावं नोंदली गेली. इथे एकालाही मतदान करावं लागलं नाही. २०२२ मध्ये न्यायालयाने दोनदा हिरवा कंदील दाखवला, आणि ऑगस्टचा अध्यादेश काही न्यायालयाने काढला नव्हता. शिवाय २०२५ मध्ये काय आदेश झाला? ओबीसी आरक्षण बांठिया अहवालाआधीच्या स्थितीप्रमाणे ठेवा आणि चार महिन्यांत निवडणुका घ्या. तीही मुदत पाळली गेली नाही, ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवून घ्यावी लागली.

नियमकानू
वादाचा मुद्दा तारीख नाही, मधल्या काळात कारभार कसा चालला हा आहे. एरवी मुंबईत आयुक्त अर्थसंकल्प मांडतात, २७ सदस्यांची स्थायी समिती तो चाळते, मग सभागृहात जातो. मोठ्या कंत्राटांचा प्रस्तावही समितीपुढे. प्रशासक आला की समिती, सभागृह आणि आयुक्त या तिन्ही खुर्च्यांवर एकच माणूस. त्यामुळे या काळात अतिरिक्त आयुक्त अर्थसंकल्प सादर करायचे तो आयुक्तांनाच, आणि मंजूरही आयुक्तच करायचे. २०२५-२६ चा आकडा ७४ हजार कोटींच्या वर होता. त्यावर एकही उपसूचना नाही, एकही सभात्याग नाही. (सभात्यागाला लोक हसतात, पण दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी त्यामुळेच यायची.)

आडमुठा
स्थायी समितीचं पावित्र्य तरी ऐकवू नका. कंत्राटातली टक्केवारी हा शब्द मुंबईकरांना कुठून कळला? अनेकांना वाटतं, प्रशासकाच्या काळात फाइल तरी हलली. आणि १९८४-८५ मध्येही मुंबईवर प्रशासक होता. आकाश कोसळलं का?

नियमकानू
तेव्हा सव्वा वर्षाच्या आत संपलं, या वेळी पावणेचार वर्षांच्या पुढे गेलं. टक्केवारी होतीच, पण टक्केवारीवाल्याला पाच वर्षांनी पाडता येतं. आयुक्त राज्य सरकार नेमतं. त्यांना परत पाठवा असा ठराव सभागृह ५/८ मतांनी करू शकतं, पण सभागृहच नाही तर ठराव कोण करणार? नगरसेवक गेल्यावर पैशाची वाट कशी बदलली तेही पाहा : २०२३ पासून मुंबईत आमदार-खासदारांच्या शिफारशीवर प्रभागातल्या कामांना निधी, आणि त्यावर पालकमंत्र्यांची मोहोर. पालकमंत्र्यांचं कार्यालयही पालिका मुख्यालयातच थाटलं गेलं.

कोल्हापुरी चष्मा
५/८ चं फार कौतुक नको. नवी मुंबईत २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये आयुक्तांवर अविश्वास मंजूर झाला, तरी ते पुढच्या मार्चपर्यंत खुर्चीवरच होते. सभागृह असतानाही दोरी मंत्रालयातच असते.

आणि हे फक्त महाराष्ट्राचं नाही. चेन्नईत २०१६ ते २०२२ नगरसेवक नव्हते, बेंगळुरूची मुदत सप्टेंबर २०२० ला संपली आणि निवडणूक लांबतच गेली. पक्ष वेगळे, रोग तोच : आमदाराला नगरसेवक नको असतो.

सोडतवाला
म्हणून निवडणूक जिथे अडते, इलाज तिथेच हवा. प्रभागाचा आराखडा, हरकती, सुनावणी, अंतिम रचना, आरक्षण सोडत, मतदार यादी, मग कार्यक्रम, अशी साखळी आहे. पहिली कडी सरकारच्या हातात दिली की बाकी सगळ्या अडतात, कारण रचनेशिवाय सोडत नाही आणि मतदार यादी प्रभागवार फोडताही येत नाही. मुंबईबाहेर तर प्रभागात सदस्य किती हेही फिरतं : २०१७ ला चार, २०२१ ला तीन, पुन्हा चार. मुदत संपायच्या आधीच्या वर्षात जागा आणि सदस्यसंख्या बदलायला कायद्याने बंदी घाला, आणि रचनेचा अधिकार आयोगाला परत द्या.

आडमुठा
आयोगाला परत द्या म्हणता, पण राज्य निवडणूक आयुक्ताचं नाव राज्यपालांकडे पाठवतं कोण? राज्य सरकारच ना? आधी नेमणुकीचं बघा, मग रचनेबद्दल बोलू. वर्षभराच्या बंदीला मात्र माझी हरकत नाही.

नियमकानू
नेमणुकीवरून भांडायचं तर वेगळा धागा काढा, लांबेल. पण राज्य निवडणूक आयुक्ताला एकदा नेमल्यावर काढायची रीत उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखी आहे, घटनेत २४३-के मध्ये लिहिलंय. नगरविकास विभागाच्या सचिवाला ते संरक्षण नाही. प्रभागाचा नकाशा त्या दोघांपैकी कोणाच्या टेबलावर असावा, तेवढंच सांगा.