मदत हवी आहे: प्रथिन रिक्तिकेत पोचतंय की वाटेतच अडकतंय?

नमस्कार मंडळी,

अरॅबिडॉप्सिसच्या (प्रयोगात नेहमी वापरली जाणारी छोटी वनस्पती) रोपांत मी जीएफपीला, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाला, बार्लीच्या अल्यूरेन प्रथिनाचा 'पत्ता' जोडलाय. त्यातली एनपीआयआर ही चार अमिनो आम्लं ग्राही (पत्ता वाचणारी प्रथिनं) ओळखतात आणि प्रथिन रिक्तिकेकडे, म्हणजे पेशीतल्या द्रवाने भरलेल्या मोठ्या कप्प्याकडे, वळवतात. म्हणजे वाट अशी: अंतर्द्रव्यजालिका (जिथे प्रथिन बनतं), गॉल्गी (जिथून ते पुढे पाठवलं जातं) आणि मग रिक्तिका. पण कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली मुळाच्या पेशींत नुसते बारीक, पळणारे ठिपके दिसतात, रिक्तिका काळीच. तीन आठवडे हेच चाललंय, आणि हा प्रश्न मला खरंच सुटायला हवाय.

उजेडात रिक्तिकेतली विकरं जीएफपी तोडतात, शिवाय आम्लामुळे त्याची चमक मंदावते. म्हणजे प्रथिन पोचत असेल, फक्त दिसत नसेल? रोपं अंधारात ठेवून कोणी पाहिलंय का? किती तास पुरतात? की सरळ आम्लात टिकणारं आरएफपी (लाल चमकणारं प्रथिन) वापरू?

दुसरं, ठिपके नेमके कशाचे? वॉर्टमॅनिन (पेशीतली वाहतूक बिघडवणारं रसायन) दिल्यावर ठिपक्यांची फुगून कडी झाली तर ते रिक्तिकेआधीचे कप्पे, असं मी धरतोय. ब्रेफेल्डिन या तशाच दुसऱ्या रसायनाचा निकाल मला फसवा वाटतो, कारण मुळाच्या पेशींत त्याने ट्रान्स-गॉल्गी जाळ्याचेच (गॉल्गीतून प्रथिनं बाहेर पडतात त्या भागाचेच) गोळे होतात.

वेस्टर्न ब्लॉट (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून ओळखण्याची चाचणी) आधी करावा का? जीएफपीचा सुटा तुकडा दिसला तर प्रथिन पोचल्याचा पुरावा म्हणून तो पुरेसा धराल?